बांडगुळाचे वायरमन

"वर पाहा न मॅडम, वर. खाली काय पाहून राह्यल्या?"

फाटकाबाहेर उभे राहून ते असे म्हणत आणि हातातल्या लांब बांबूच्या टोकाने आमच्या आंब्याची एक फांदी दाखवत. "बांडगूळ लागलं. सांगून ठेवलं, बाकी तुमची मर्जी." एवढे बोलून ते पुढे निघाल्यासारखे करत, पण निघत नसत. एक पाय रस्त्याकडे वळलेला, दुसरा फाटकाकडे, आणि मान वर. अशा अवस्थेत ते बराच वेळ उभे राहू शकत. शेवटी घरातल्या माणसालाच संकोच होई आणि तो फाटकाची कडी काढी.

वाशीमच्या रिसोड रस्त्याकडच्या आमच्या वस्तीत त्यांना ओळखत नाही असे कोणी नव्हते, आणि नावाने ओळखणारेही बहुधा कोणी नव्हते. सगळे त्यांना वायरमन म्हणत. वीज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण हुद्दा अंगाला चिकटून राहिला होता. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचे खरे नाव विचारायचे राहूनच गेले.

चालताना त्यांची नजर सदैव वर असे. सारी नोकरी खांब आणि तारा न्याहाळण्यात गेली, त्यामुळे मानेला तीच सवय जडली होती. खालच्या जगाशी मात्र त्यांचे फारसे जमत नसे. रस्त्यात बसलेल्या गाईला ते अडखळत. कडेला लावलेल्या मोटारसायकलला धक्का लागला, तर माणूस समजून "माफ करा भाऊ" म्हणत. एकदा तर समोरच्या काकूंनी अंगणात चादरीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवरून चालत ते थेट त्यांच्या कडुलिंबाखाली जाऊन पोहोचले. काकूंनी आरडाओरडा केला, तेव्हा मान खाली न करताच ते म्हणाले, "कुरड्या परत घालता येते हो. लिंबाचं पाहा पहिले."

बांडगूळ हा शब्द आपण भांडणात किंवा भाषणातच अधिक ऐकतो. प्रत्यक्षात ती एक देखणी वनस्पती आहे. दुसऱ्या झाडाच्या फांदीत मुळे रुतवून ती वाढते. पाने जाडसर, किंचित राखी झाक असलेली. हिवाळा सरता सरता, आंब्याची पाने धुळीने मलूल झालेली असताना, तिला नारिंगी-तांबड्या नळ्यांसारखी फुले येतात आणि त्या एकाच फांदीवर काहीतरी समारंभ असल्यासारखे वाटते. आमच्या आंब्यावरचे बांडगूळ मला त्यांच्याआधी दिसले नव्हते असे नाही. त्यामुळे झाड खंगते, हेही ठाऊक होते. पण ते काढायचे म्हणजे कोणाला तरी विचारायचे, कोणाला तरी बोलवायचे. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. वर्गात तासभर बोलणे मला जमत असे. फाटकाशी उभे राहून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारणे कधी जमले नाही. म्हणून बांडगूळ वाढत राहिले होते.

ते पहिल्यांदा आत आले, तेव्हा त्यांनी आधी झाडाला एक फेरी घातली. मग नोकरीतला कमरेचा जुना पट्टा बांधला, शिडी टेकवली, आणि बांबूच्या टोकाला तांब्याच्या तारेने घट्ट आवळलेला विळा वर सरकवला. वयाच्या मानाने त्यांचा हात फार स्थिर होता. बांडगुळाचे फुलोऱ्याने लगडलेले झुंबर अलगद खाली आले. फुलांमध्ये एक चिमुकला पक्षी अजूनही बसलेला होता. तो चिडून चिकचिक करत उडाला.

"हाच तो चोट्टा," ते म्हणाले. "यानंच आनलं हे."

"पक्ष्याने? ते कसे?"

"तो हे फळ खाते मॅडम. बी लय चिकट राह्यते. मंग ते त्याच्या..." इथे ते अडखळले आणि शिडीवरच कानाच्या पाळीला हात लावला. "माफ करा, तुमी मास्तरीन हाये. मागच्या बाजूले चिकटते. मंग तो बावा फांदीवर बसून घासत राह्यते. घासलं की लागलं बी. त्याचा इलाज होते अन् आंब्याचं वाटोळं."

मी हसले. बहुधा मोठ्याने हसले असावे, कारण समोरच्या काकू ओट्यावर आल्या.

चहाला ते प्रथम नाही म्हणत. "चहा कायले? आताच झाला." मग ओट्याच्या कडेला बसत. बशीत ओतलेला चहा ते इतक्या सावकाश पीत की शेवटचा घोट गार झालेला असे. त्यानंतर पाणी मागत. पाणी संपल्यावर कोणाच्या घरी कोणते झाड कसे आहे, हे सांगत. मी उंबऱ्याच्या आत वेताचा मोडा ओढून बसे. बोलणे बहुतेक त्यांचेच. मी मान हलवी, आणि तेवढ्याने त्यांचे भागे.

त्यांच्या बोलण्यातून त्यांचे दिवस हळूहळू कळत गेले. लहानपण केनवडला गेलेले, नोकरीची सुरुवात जऊळक्याला, नंतर वाशीम. पत्नी वारलेली. एकच मुलगा, पुण्याला कंपनीत. पण या गोष्टी ते एका वाक्यात उरकत. खरे रंगत ते नोकरीविषयी बोलताना. "लाइट गेली की साऱ्या गावाले मीच पायजे. लग्नघरी नवरदेव मागून आला तरी चाले, वायरमन पहिले. खांबावर चढलो की खाली ही गर्दी! कोनी टॉर्च धरते, कोनी शिडी धरते. सरपंच सोता चहा घेऊन उभा. अन् वरून मले समद्यांचे आंगन दिसे. कोनाच्या घरी वडे तळून राह्यले, कोनाच्या घरी अबोला हाये, समदं."

"आणि आता?"

"आता मोबाइलवर तक्रार देतात. कोनी तरी येते, करून जाते. बेस झालं." हे बेस झालं म्हणताना ते झाडाकडे पाहत होते.

त्यांच्या स्वतःच्या घरी झाड नव्हते. दोन खोल्यांचे स्लॅबचे घर, समोर फरशी. काकूंनी एकदा त्यांना टोकले, "साऱ्या गावाच्या झाडायची कायजी करता, तुमच्या घरी एक तुळस तरी हाये का?"

"लिंब होता न. वरून लाइन गेली होती. मीच तोडला," ते म्हणाले. "ड्यूटी होती."

याच काकूंच्या लिंबाचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. काकूंच्या यजमानांचे किराणा दुकान घराला लागूनच होते. लिंबावरचे बांडगूळ गल्ल्यात ठेवले की बरकत येते, असे काकूंना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी वायरमनला बोलावले. वायरमन म्हणाले, "असं एकदम तोडून जमत नाई काकू. त्याले आदल्या दिवशी सांजच्याले आवतन द्या लागते. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी, कोनाशी न बोलता आनाचं."

ही रीत आमच्या भागात आहे, त्यांनी ती रचली नव्हती. मात्र ती पाळण्यात त्यांचा उत्साह काही वेगळाच होता. सायंकाळी ते धुतलेला सदरा घालून आले. काकूंनी ताटात हळदकुंकू आणि तांदूळ दिले. लिंबाच्या बुंध्याशी ते वाहून त्यांनी हात जोडले आणि वर पाहून, पाहुण्याशी बोलावे तसे म्हणाले, "उद्या सकाळी घ्याले येतो. आमच्यासंग चाला. नाई म्हनू नका."

मी आमच्या खिडकीतून पाहत होते. एवढ्या आर्जवाने कोणाला बोलावलेले मी क्वचितच ऐकले आहे.

त्या संध्याकाळी त्यांना चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, न बोलता बांडगूळ काढून काकूंच्या हाती दिल्यावर, पोहे मिळाले. दुकानदार हसत मला म्हणाले, "मॅडम, एका बांडगुळाचे दोन फेरे. आमच्या वायरमनले हिशोब येते बरं." वायरमनही हसले. तेव्हा हे सगळे गमतीचे होते.

आमच्या आंब्यावर दर वर्षी त्याच फांदीला बांडगूळ येत असे आणि दर वर्षी वायरमन ते काढत. मला यात काही वेगळे वाटले नाही. पाऊस दर वर्षी येतो, तसे हेही. पुढे एकदा गावाकडून माझा धाकटा भाऊ काही कामाने आला. तो शेती करतो. जेवण झाल्यावर शतपावलीसाठी अंगणात गेला आणि तिथूनच ओरडला.

"ताई, हे कोनं कापलं?"

"वायरमन येतात ना, त्यांनी. का रे?"

"काहून काय! ये इकडं, पाहा. ही गाठ दिसून राह्यली तुले? बांडगुळाचा जीव या गाठीत राह्यते. हातभर खालून फांदीच कापा लागते. यानं गाठीच्या वरून नेमकं कापलं. असं कापलं तर ते दरसाल फुटीन, अन् जोरात फुटीन."

"त्यांना माहीत नसेल."

"वायरमनले? ज्यानं जनम फांद्या तोडण्यात काढला त्याले?" भाऊ कंबरेवर हात ठेवून हसला. "तुले बुद्धू बनवून राह्यला तो. अन् तू त्याले चहा पाजते!"

"हो," मी म्हणाले. "पाजते."

माझ्या आवाजात काय होते कोणास ठाऊक, तो हात झटकून आत आला. जाताना मी त्याला एवढेच सांगितले की, ही गोष्ट बाहेर कोणाजवळ काढू नकोस. "माय वो," तो म्हणाला, "झाड तुयं हाये. मले काय करा लागते."

तो गेल्यावर मी गच्चीवर गेले आणि पहिल्यांदाच वस्तीतली झाडे नीट पाहिली. काकूंचा लिंब, पलीकडचा पेरू, कोपऱ्यावरचा आंबा. सगळीकडे तेच. बांडगूळ कापलेले, आणि खालची गाठ शाबूत. कुठेही विळा गाठीला लागलेला नव्हता. एखाद्या माळ्याने मोगरा छाटावा, पुढच्या बहराचा डोळा राखून छाटावा, तसे ते हलक्या हाताने छाटलेले होते. साऱ्या वस्तीचे बांडगूळ त्यांनी निगुतीने जगवले होते.

मला राग आला नाही. तुम्ही मला भोळी म्हणाल. पण ती प्रत्येक गाठ म्हणजे एक फाटक होते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. बांडगूळ समूळ निघाले की त्या घरी पुन्हा जायला त्यांच्याजवळ कारण उरणार नव्हते. लाइट तर आता त्यांच्याशिवाय जात होती आणि त्यांच्याशिवाय येत होती. दुसऱ्या बाजूला, आमच्या आंब्याची ती फांदी गाठीच्या पुढे बोटाएवढी बारीक झाली होती आणि तिच्यावर कैरी धरत नव्हती. ते नुकसानही खरेच होते. मी दोन्ही पाहिले आणि खाली येऊन नेहमीसारखी कामाला लागले.

गोष्ट बाहेर फुटली ती आमच्याकडून नव्हे. दुकानदारांनी दुकानावर कॅमेरा बसवून घेतला. तार ओढायला लिंबावर चढलेल्या कारागिराने गाठ पाहिली आणि माझ्या भावाने सांगितले तेच वरून मोठ्याने सांगितले. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. नेमके त्याच वेळी वायरमन बांबू घेऊन रस्त्याने येत होते.

"या या वायरमन," दुकानदारांनी हाक मारली. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. काय हो, आमच्या लिंबावर पीक घेऊन राह्यले का तुमी? दरसाल पेरता अन् दरसाल कापता!"

लोक हसले. एक जण म्हणाला, "पाहा बरं, पिकाचा इमा बी काढला असन!" पुन्हा हशा. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण त्याही हसत होत्या.

वायरमनने लिंबाकडे पाहिले. मग, मला आठवते तितक्यात तरी पहिल्यांदाच, त्यांनी मान खाली घातली. "वय झालं शेठ," ते म्हणाले. "हात पोचत नाई आता खालपर्यंत."

शिडीवर उभे राहिले की ती गाठ त्यांच्या छातीशी येत असे. हे दुकानदारांनाही दिसत होते. त्यांनी वाद घातला नाही, एवढी दया केली. मी खिडकीतून सरकून आत आले.

त्यानंतर कोणी त्यांना दुरुत्तर केले असे नाही. फक्त फाटके उघडेनाशी झाली. दुकानदारांनी यंत्राची करवत असलेली माणसे बोलावून लिंबच काढून टाकला आणि तिथे गाडीसाठी पत्रे टाकले. त्याच माणसांनी कोपऱ्यावरचा आंबाही छाटून दिला. वायरमन रस्त्याने जात, मान वर असे, हातात बांबूही असे. पण कोणाच्या दारापुढे ते थांबत नसत. आमच्याही नाही. हिवाळा सरत आला, आंब्यावर नारिंगी फुले लागली, आणि ते दोनदा तसेच निघून गेले.

तिसऱ्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. काय म्हणायचे ते मी स्वयंपाकघरात म्हणून पाहिले होते. तरी ऐन वेळी शब्द भलतेच निघाले.

"भाऊ, आमच्या आंब्यावर बांडगूळ आलंय."

ते थांबले. "कोठं?"

"तिथंच. मागच्या वर्षी तुम्ही कापलं होतं तिथंच."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी काय बोलले. त्यांच्याही आले. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी खाली कडीकडे. कडी काढायला मला जरा वेळच लागला.

शिडीवर चढून ते विळा हातात धरून कितीतरी वेळ नुसते उभे होते. मग त्यांनी कापले. गाठीच्या वरून. मी चहा टाकायला आत गेले. बशीतला चहा त्यांनी नेहमीसारखाच सावकाश प्यायला, पाणी मागितले, पण कोणाच्या झाडाविषयी काही बोलले नाहीत. सांगण्यासारखी झाडेच उरली नव्हती. पेला खाली ठेवत म्हणाले, "चहात आज अद्रक जास्त झाली मॅडम." मी "हो, झाली खरी," म्हणाले. आमच्यात त्या विषयावर झालेले एवढेच बोलणे.

पुढची काही वर्षे असेच चालले. फुले आली की मी फाटकाशी जाई, हाक मारी. हाक मारणे मला थोडे थोडे सोपे होत गेले.

मग एका वर्षी ते न बोलावता आले. बांडगूळ काढून महिनाही झाला नव्हता. गाठीतून नुसते बोटभर पोपटी कोंब दिसत होते. बांबू हातात नव्हता. करवत होती, आणि एका डब्यात मोरचूद व चुन्याचे निळे कालवण.

"पोरगा आला न्याले," त्यांनी सांगितले. "पुण्याले. फाट्यावर कोनाले तरी भेटाले गेला, येते आता गाडी घेऊन."

"किती दिवस?"

"घर भाड्यानं देऊन टाकलं." त्यांनी करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवला. "शिडी धरता का जरा? आज जोर लावा लागन."

मी शिडी धरली. त्यांनी पट्टा बांधला, वर गेले, आणि गाठीच्या खाली, हातभर नव्हे तर दीड हात खाली करवत लावली.

"एवढ्या खालून?" मी विचारले, जणू मला काही ठाऊकच नव्हते.

"खालूनच कापा लागते मॅडम. तुमाले तं माहीत हाये."

करवतीचा आवाज होत राहिला. लाकडाचा भुसा माझ्या हातांवर पडत होता. मला जे म्हणायचे होते ते मी कापून होण्याआधीच म्हटले, नाही तर ते राहून गेले असते. "नसती कापली तरी चालली असती, भाऊ."

करवत थांबली. वरून आवाज आला, "तुमाले चालली असती. आंब्याले कायले तरास? मी येनार असतो तं गोष्ट अलग होती."

फांदी कडकडून खाली आली. तिच्याबरोबर दुसऱ्या फांदीच्या काही कोवळ्या कैऱ्याही पडल्या. त्यांनी कापलेल्या जागेवर निळे कालवण बोटांनी नीट लावले, कडेकडेने, जखमेला लावावे तसे. "आता नाई फुटत," ते म्हणाले, आणि उतरले.

चहा मी आधीच ठेवला होता. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, म्हणून त्यांनी तो उभ्यानेच, कपातूनच घेतला. मुलगा फाटकाशी आला. चांगला, नम्र मुलगा. अंगणात पडलेली फांदी पाहून मला म्हणाला, "सॉरी हं काकू. बाबांना सांगून सांगून थकलो. या वयात पण लोकांच्या तारा साफ करत असतात."

वायरमनने त्याला काही समजावले नाही. मीही नाही.

पुण्याहून त्यांचा एकदा फोन आला. मुलाचे घर पुष्कळ वरच्या मजल्यावर होते. "इथं उलटंच हाये मॅडम," ते म्हणाले. "झाडं समदी खाली. गॅलरीत उभं राहून खाली पाहा लागते. मान दुखते."

"बांडगूळ दिसतं का कुठे?"

"दिसते न!" त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "समोरच्या सोसायटीत आंबा हाये. हे एवढं झुंबर लागलं. म्यां गेल्तो सांगाले."

"मग?"

"वॉचमन म्हने, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय? म्हटलं, फ्लॅटमध्ये नाई बाप्पा, झाडाकडं. तो म्हने, एन्ट्री कोणाच्या नावानं करू?" ते थोडे हसले. "झाडाचं नाव चालत नाई म्हने."

त्यानंतर फोन आला नाही. फोन करणे माझ्याच्याने लवकर होत नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मी लावला. मुलाने उचलला. मी कोण ते सांगितले, तरी त्याला काही बोध होईना. मग वाशीम म्हटले, आंबा म्हटले, तेव्हा त्याला ओळख पटली.

"बाबा गेले काकू. श्रावणात." मग तोच म्हणाला, "कळवायला हवं होतं. पण त्यांच्या मोबाइलमध्ये माणसांची नावंच नाहीत हो. लिंब, पेरू, कोपऱ्यावरचा आंबा, असंच काहीतरी आहे. तुमचा नंबर नुसता 'आंबा' म्हणून होता. आम्हाला वाटलं, फळवाल्यांचे नंबर असतील."

मी "असू दे," म्हणाले.

या वर्षी आंब्याला त्या बाजूने दाट मोहोर आला. कापलेल्या जागेभोवती सालीची जाड कड गोलाकार वर चढली आहे आणि निळा रंग पावसाने बहुतेक धुऊन गेला आहे. तिथे काही फुटलेले नाही. एवढी मोठी फांदी गेल्यामुळे झाडात खिडकीएवढी मोकळी जागा झाली आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरातून आता रस्ता थेट वळणापर्यंत दिसतो. पूर्वी दिसत नसे. सकाळी चहा टाकला की माझे लक्ष तिकडे जाते. दूधवाला येतो. शाळेची रिक्षा येते, मुले भरून निघून जाते. मग बराच वेळ वळणावर कोणी नसते, आणि चहा उतू जाण्याच्या आत मी गॅस बंद करते.